आरे–नॅशनल पार्कच्या कडेसाठी वणव्याचे बंब: तांत्रिक अटींत काय मागावं?

मसुदाकार

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या कडेला डोंगराचं गवत संपतं तिथेच पाडे, झोपड्या आणि टॉवर सुरू होतात. या पट्ट्यासाठी खास बंब घ्यायचे तर तांत्रिक अटी कशा लिहाव्यात? वरून आलेली कल्पना एवढीच, की 'परदेशात जंगल-शहर सीमेवर असतात तसले बंब'. पहिला मसुदा असा:

फोर बाय फोर चॅसी, ५००० लिटर टाकी, पीटीओवर (म्हणजे गाडीच्याच इंजिनाच्या ताकदीवर) चालणारा हाय-लो प्रेशर पंप, छतावर मॉनिटर (पाण्याची तोफ), ६० मीटरची होज रील, ६३ मिमी डिलिव्हरी होजचे दहा नग, एएफएफएफ फोमची २०० लिटरची टाकी, सहा जणांची डबल कॅबिन. नग चार.

५००० लिटर पुरे की वाढवावं? अमेरिकेतला 'टाइप ३' (तिथल्या वणव्याच्या बंबांचा एक वर्ग) जसाच्या तसा मागता येईल का? आणि निविदापूर्व बैठकीत पुरवठादार कुठल्या अटी ढिल्या करून घेतात, तेही सांगा.

पंपरूम

टाकीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवा. सुरुवात दाबापासून करा, कारण तुमचा मसुदा तिथेच पडतो.

डोंगराला रस्ता नाही. बंब डांबरावर किंवा मुरमाच्या वाटेवर उभा राहणार आणि होज वर चढवावी लागणार. उतार २० अंशांचा धरा आणि होज १८० मीटर, म्हणजे १५ मीटरचे बारा नग. उंची झाली साधारण ६० मीटर. दर १० मीटर चढाला एक बार जातो, म्हणजे ६ बार नुसते उंचीत गेले. ३८ मिमी होजमधून मिनिटाला १५० लिटर पाणी नेलं तर घर्षणात दर ३० मीटरला पाव बारभर जातो, १८० मीटरला दीड-पावणेदोन. नेहमीच्या फॉग नोझलला तोंडाशी ७ बार लागतात. बेरीज सुमारे १५ बार.

आता हाय-लो पंप बघा. लो बाजू ७ ते १० बार देते. हाय बाजू ३५-४० देते, पण ती फक्त होज रीलला, आणि रील ६० मीटरवर संपते. तुम्हाला लागतो तो मधला दाब आणि तो या पंपात नसतोच. पुरवठादार 'हाय प्रेशर आहे की साहेब' म्हणेल, ते खोटंही नसेल, पण डोंगरावर नोझलमधून धार नाही तर लघवी येईल. (माफ करा, पण असंच दिसतं ते.)

टाइप ३ ची ओळख नेमकी इथेच आहे. किमान टाकी ५०० गॅलन, म्हणजे १९०० लिटर. पंप मिनिटाला १५० गॅलन, म्हणजे ५७० लिटर, पण तो २५० पीएसआयला, म्हणजे १७ बारला. शहरी टाइप १ चा पंप मिनिटाला १००० गॅलनचा असतो, मात्र १५० पीएसआयलाच. म्हणजे पाणी कमी, दाब जास्त. लोक टाइप ३ मधली टाकी आणि मोठी चाकं बघतात, दाबाकडे कोणी बघत नाही.

मिनिटाला ३०० लिटर हवेत असं कोणी म्हटलं तर त्यांना सांगा, प्रवाह दुप्पट केला की घर्षण चौपट होतं. त्याच ३८ मिमी लाइनमध्ये ६ बारच्या वर जाईल, एकूण १९ लागतील. गवताच्या आगीला एवढं पाणी लागतही नाही, ७५ लिटरचं नोझल आणि २५ मिमी होज पुरते. शिवाय ३.५ बारवर चालणारं लो-प्रेशर नोझल घेतलं तर वरच्या हिशेबातून साडेतीन बार सरळ वजा होतात. त्याची किंमत पंपाच्या मानाने काहीच नाही.

६३ मिमी होज डोंगरावर चढवू नका. भरलेल्या १५ मीटर होजमध्ये जवळजवळ ४७ लिटर पाणी असतं. बारा नग भरायलाच साडेपाचशे लिटर गेले, आग लांबच. ३८ मिमीला तेवढ्याच लांबीत २०० लिटर, २५ मिमीला नव्वदेक. ६३ ची जागा टँकर ते बंब एवढीच.

पीटीओबद्दल. आपल्या नेहमीच्या बंबात गिअरबॉक्सची ताकद एक तर चाकांना जाते नाहीतर पंपाला. उभं राहून पाणी मारायचं असतं तिथे ते ठीक. गवताची आग रस्त्याच्या कडेने धावते तेव्हा गाडी माणसाच्या चालीने चालवत पाणी मारता आलं पाहिजे. साइड पीटीओवर गाडी चालवत पंप फिरवता येतो, पण चढावर गिअर बदलला, इंजिनाचा वेग पडला की दाबही पडला. म्हणून पंपाला वेगळं छोटं डिझेल इंजिन मागा. ३०० लिटर १५ बारला न्यायला पाण्याची शक्ती साडेसात किलोवॅट लागते. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर १५ किलोवॅट, म्हणजे वीस अश्वशक्ती. टाइप ३ चा पूर्ण आकडा हवा असेल तर चाळीसच्या आसपास.

चॅसी-सांगाडा

पंपरूम यांचा हिशेब बरोबर आहे. ५००० लिटरला माझा विरोध वजनावरून.

समजा ७.५ टन एकूण वजनाची फोर बाय फोर चॅसी घेतली. चॅसी आणि कॅबिनचंच साडेतीन टन धरा. उरले चार. पाच माणसं, साहित्यासकट अमेरिकी मानक माणशी ११३ किलो धरतं, म्हणजे ५६५. सांगाडा, कपाटं, शटर ८५०. पंप-इंजिन ३००. होज, हत्यारं, शिडी ४००. रिकामी टाकी १५०. उरतात सुमारे १७००, आणि त्यातही मागच्या ॲक्सलवर पूर्ण भार टाकायचा नसतो. म्हणजे या वर्गात खरं पाणी १५०० लिटर. टाइप ३ तर २६००० पौंडांच्या, म्हणजे ११.८ टनांच्या वरच्या गाडीवरच बांधतात. ५००० लिटर हवं असेल तर १६ टनी गाडी येईल, आणि ती पाड्याच्या वाटेवर वळणारच नाही.

माझं मत असं, की चार एकसारखे घेऊ नका. दोन ११-१२ टनी, २००० लिटरचे. दोन पिकअपवरचे, ५०० लिटरचे. हा दुसरा प्रकार अमेरिकी टाइप ६ च्या जवळचा आहे, त्यात किमान १५० गॅलन, म्हणजे ५७० लिटर असतात. पाणी मागून जंबो टँकरने आणा आणि डांबरावर घडीची टाकी मांडून तिच्यातून उचला. पाणी वाहून नेणं हे टँकरचं काम, बंबाचं काम ते वर चढवणं.

आडव्या उतारावर अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. पाणी एका बाजूला जातं आणि गुरुत्वमध्य त्याच्यामागे. टाकीत उभ्या-आडव्या दोन्ही आडपट्ट्या लागतात, आणि 'बॅफल दिलेले असावेत' एवढं लिहून चालत नाही, नकाशा मागवा. टाकी रुंद आणि बुटकी हवी. टिल्ट-टेबलची चाचणी लिहा, अमेरिकी मानकात दोन्ही बाजूंना २६.५ अंश आहे. छतावरचा मॉनिटर काढून टाका. तो वजन नेमकं नको तिथे ठेवतो आणि मिनिटभरात टाकी रिकामी करतो. त्याच्याऐवजी पुढच्या बंपरवर छोटा, कॅबिनमधून चालवता येणारा घ्या.

मागची चाकं शक्यतो एकेरी. जोडचाकांत बसॉल्टचे दगड अडकतात आणि टायरची बाजू फाडतात. पुढचा आणि मागचा चढकोन २५ अंशांपेक्षा कमी नको. हा कोन सांगाडा बांधून झाल्यावर मोजायचा. पुरवठादार चॅसीच्या माहितीपत्रकातला आकडा देतात आणि मग मागे पायरी वेल्ड करून तो खाऊन टाकतात.

आता ज्याचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही ती गोष्ट. बीएस-सहा डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात काजळी साठली की तो स्वतःला जाळून साफ करतो, आणि त्या वेळी आतलं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत जातं. गुडघाभर वाळक्या गवतात बंब उभा आणि त्याचं रीजनरेशन सुरू, म्हणजे आग विझवायला आलेली गाडीच आग लावणार. तीन गोष्टी मागा: रीजनरेशन थांबवायचं बटण कॅबिनमध्ये, सायलेन्सरचं तोंड वर, आणि डीपीएफभोवती उष्णतारोधक जाळी. मात्र बटण कायम दाबून ठेवलं की काजळी भरते आणि इंजिन ताकद कमी करतं. म्हणून दर आठवड्याला महामार्गावर अर्धा-पाऊण तास गाडी पळवून डीपीएफ साफ ठेवायचा. दुरुस्तीच्या करारात हे वेळापत्रक घाला.

मसुदाकार

५००० कापले. मॉनिटरही कापला. एक शंका: एएफएफएफ ठेवू का? तेलाच्या आगीला चालतो म्हणून घातला होता.

रानवाट

एएफएफएफ काढा. हा पट्टा विहार आणि तुळशीच्या पाणलोटाला लागून आहे आणि ते पाणी मुंबई पिते. एएफएफएफमधली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात मोडत नाहीत. गवत-पाचोळ्याला लागतो तो 'क्लास ए' फोम. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे पाणी पाचोळ्यात मुरतं, वरून घसरत नाही. प्रमाण अर्धा टक्का धरा. २००० लिटरला १० लिटर. म्हणजे ४० लिटरची टाकी चार फेऱ्यांना पुरते, २०० लिटर कशाला? दोन प्रकारचे फोम एका टाकीत ओतले तर आत जेली होऊन प्रपोर्शनर (फोम पाण्यात मिसळणारा भाग) चोंदतो. आणि तलावाजवळ क्लास ए सुद्धा जपून, नाल्याच्या काठी साधं पाणीच.

पण मुळातच मला हा मसुदा यंत्राच्या प्रेमात पडलेला वाटतो. गवताचा वणवा वनखात्याची माणसं ब्लोअर, फायर बीटर आणि हिरव्या फांद्यांनी विझवतात. पाठीवरचा ब्लोअर घेतलेला एक माणूस आणि त्याच्यामागे बीटर घेतलेले दोघे, पातळ गवताची कड पाण्याशिवाय मारत जातात. चार बंबांच्या पैशात किती ब्लोअर येतील याचा हिशेब करा. जाळरेषा (आग अडवायला गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) वेळेवर काढल्या, म्हणजे गवत वाळल्याबरोबर, डोंगरावर वारा सुटायच्या आत, तर निम्मं काम तिथेच होतं. करवी दर सात-आठ वर्षांनी फुलते आणि फुलून झाली की सगळीच्या सगळी वाळते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या काड्यांच्या रानात ब्लोअर चालत नाही, तिथे पाणी लागतं, हे मान्य.

वाऱ्याचं वेळापत्रक मसुद्यात नाही पण कामाच्या पद्धतीत हवं. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि गोरेगाव-मालाडच्या उतारावर आग वर पळवतात. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट, हा जुना ठोकताळा. रात्री मतलई वारे सुटतात, डोंगरावरची गार हवाही खाली उतरते, आणि संध्याकाळी पार्कात शिरलेली तीच आग झोपड्यांकडे वळते. मुलुंडच्या बाजूला हेच उलट. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगाव पूर्वेला आयटी पार्कमागचा डोंगर पेटला तेव्हा संध्याकाळपासून रात्रभर काम चाललं होतं. अशा वेळी बंब उतारावर आगीच्या वरच्या बाजूला उभा करायचा नाही. तोंड बाहेरच्या दिशेला, चावी आत, इंजिन चालू.

पंपरूम

रानवाट, ब्लोअर हवेतच, वाद नाही. बंबाच्या कपाटात दोन ब्लोअर, सहा बीटर, चार पाठीवरचे पाण्याचे पंप आणि कोयते, हे मसुद्यात घाला. पण ब्लोअर पाड्यात शिरलेली आग विझवत नाही. डिसेंबर २०१५ ला कांदिवलीचं दामूनगर, मार्च २०२३ ला मालाडचा आप्पापाडा, दोन्ही वस्त्या जंगलाच्या कडेच्या आणि दोन्हीकडे सिलिंडर फुटत होते. तिथे लागतो तो घराचा बंब. म्हणूनच हा 'जंगलाचा' नाही, 'जंगल-शहराचा' बंब म्हणायचा. त्यामुळे श्वसनसंच किमान चार, ६३ मिमीचे चार नग आणि सिलिंडर थंड करायला ३०० लिटरचं एक नोझल ठेवावंच लागेल. डोंगरावर मात्र श्वसनसंच आणि जाड कोट घालून माणूस वीस मिनिटांत आडवा होईल, मुंबईच्या दमटपणात तर नक्कीच. तिथे एकपदरी आगरोधक सुती डगला. दोन्ही कपडे ठेवायला जागा सोडा.

टाकीच्या तळाचं पाणी राखून ठेवायची सोय मागा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात लिंटन इथे २ डिसेंबर १९९८ ला वारा फिरला आणि एका टँकरवरचे पाच जण जळून गेले. त्यानंतर तिथल्या गाड्यांवर माणसांच्या संरक्षणासाठी फवारे आणि राखीव पाणी यांवर भर आला. आपल्यासाठी २५० लिटर राखीव धरा. पंपाची नेहमीची ओढनळी टाकीच्या तळापासून तेवढी वर लावायची आणि खालचं पाणी फक्त कॅबिनच्या फवाऱ्याला द्यायचं. त्याला वेगळा छोटा विद्युत पंप, कारण मोठं इंजिन धुराने बंद पडलं तर तेव्हाच याची गरज असते. खिडक्यांना आतून उष्णता परावर्तित करणारे पडदे. याचा खर्च मॉनिटरपेक्षा कमी येतो.

आणि पार्कातून, आरेतून उच्चदाबाच्या तारा जातात. दाट धुरातूनही वीज उडी मारते. तारांखाली सरळ धार नाही, बंब उभा करणं नाही.

वर्कशॉप

सगळे आगीचं बोलताहेत, पण ही गाडी जून ते ऑक्टोबर उभी राहणार आहे. तेवढ्यात तिची वाट लागते.

टाकी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत एसएस ३०४ ला वेल्डच्या रेषेवर खड्डे पडतात. ३१६ चालेल पण महाग आणि जड. क्लास ए फोम साबणासारखा असतो, वंगण धुऊन काढतो. म्हणून वापरानंतर पंप आणि लाइन साध्या पाण्याने, धारेत फेस यायचा थांबेपर्यंत धुवायची. नाहीतर पुढच्या हंगामात व्हॉल्व्ह फिरतच नाहीत. डीईएफ (डिझेलचा धूर साफ करायला वेगळं भरायचं द्रव) सावलीत ३० अंशांपर्यंत वर्षभर टिकतं, ३५ ला सहा महिने. डब्यावरची तारीख बघूनच भरा.

दर महिन्याला कोरडी निर्वात चाचणी: सगळी तोंडं बंद, प्रायमरने (पंपातली हवा ओढणाऱ्या छोट्या पंपाने) पाऊण बारचा निर्वात, मग प्रायमर बंद. पाच मिनिटांत एक तृतीयांश बारपेक्षा जास्त घसरला तर कुठेतरी गळती आहे. बहुधा ड्रेन कॉकच्या वॉशरात किंवा ग्लँडमध्ये.

पुरवठादार काय ढिलं करून घेतात ते विचारलं होतंत. ते 'समतुल्य' या शब्दात सगळं बसवतात. 'पंप-अँड-रोल (गाडी चालवत पाणी मारणं) असावा' असं लिहिलंत तर सपाट अंगणात गाडी पाच मीटर सरकवून दाखवतील. चाचणीच लिहा: पूर्ण भरलेली गाडी, चढाचा रस्ता, ताशी ८ किलोमीटर, सलग १० मिनिटं, नोझलवर दाब अमुक बारच्या खाली नाही, आणि दाबमापक नोझलच्या मागे, पंपावर नव्हे. वजन माणसांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवून वजनकाट्यावर, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा, डावं-उजवंही. तपासणी तीन टप्प्यांत हवी: चॅसी आल्यावर, सांगाड्याचा पिंजरा उभा झाल्यावर पत्रा लावायच्या आधी, आणि शेवटी. पत्रा लावल्यावर वेल्ड दिसत नाही. शेवटचा २० टक्के हप्ता चढावरच्या चाचणीनंतरच.

आणखी एक: चॅसीची वॉरंटी चॅसीवाल्याकडे, सांगाड्याची बांधणाऱ्याकडे, पंपाची तिसऱ्याकडे. बंद पडलं की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. जबाबदार एकच धरा, ज्याच्याशी करार केला तो.

मसुदाकार

आता मसुदा असा: दोन मोठे २००० लिटरचे, पंप १५ बारला ३०० लिटर, वेगळ्या इंजिनावर. दोन पिकअप ५०० लिटरचे. क्लास ए ४० लिटर. ३८ मिमीचे सोळा नग, २५ मिमीचे बारा, ६३ चे चार. कपलिंगचं विचारायचं राहिलं. एक पुरवठादार ३८ मिमी होज परदेशी आट्यांच्या कपलिंगसह देतोय, 'जंगलाची खरी होज' म्हणून.

पंपरूम

घेऊ नका. आयएस ९०३ (भारतीय मानक) चं ६३ मिमी इन्स्टंटेनियस, म्हणजे ढकलून बसणारं कपलिंग ३८ मिमीच्या होजलाही बांधून मिळतं. तेच लावा, ॲल्युमिनियम मिश्रधातूचं, म्हणजे गनमेटलपेक्षा हलकं. वजन थोडं वाढेल. पण शेजारच्या केंद्राचा कुठलाही बंब, टँकर, इमारतीचा रायझर, सगळ्याला अडॅप्टरशिवाय जोडता येईल. अडॅप्टर रात्री गवतात पडला की सापडत नाही.

होजचा कामाचा दाब मात्र वेगळा लिहा, किमान २० बार. नेहमीच्या खरेदीत 'आयएस ६३६ प्रमाणे' एवढंच लिहायची सवय असते. प्रकार लिहिला नाही तर स्वस्तातला येतो आणि १५ बारला कपलिंगपाशी बांधलेली तार सुटते. सोळाच्या सोळा नग पंपावर लावून २० बारला पाच मिनिटं धरून बघा, मगच ताब्यात घ्या.

चॅसी-सांगाडा

पिकअपवर ५०० लिटर, तीन माणसं आणि ब्लोअर असं सगळं चढवण्याआधी त्याचाही वजनकाटा करा. बहुतेक पिकअपांचा भार तिथेच संपतो आणि होजला जागा उरत नाही. ४०० लिटरवर यावं लागलं तर या, पण माणसं तीन नकोत, चारच धरा: एक चालक-पंपचालक, एक नोझलवर, एक होजवर, आणि एक नुसता वारा आणि आगीकडे बघत उभा.

मसुदाकार

तीनचे चार केले. ४०० लिटर.